उशिरा उघडणारं पान

माझी भाची, म्हणजे धाकट्या बहिणीची थोरली लेक, त्या हंगामात नवऱ्याबरोबर ऊसतोडीला कर्नाटकाच्या हद्दीजवळ गेली होती. संक्रांत होऊन आठ-दहा दिवस झाले असतील, तिचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं विचारलं. शेळी व्याली का, आईचा गुडघा कसा हाय. मी तिला अंगाखांद्यावर खेळवलेली, मला तिचा आवाज कळतो. म्हटलं, "पोरी, मुद्द्याचं बोल, न्हाईतर रेंज जाईल."

"मावशे, पिशवी काढायची म्हणतेत."

आमच्या भागातल्या बाईला पिशवी म्हटल्यावर पुढं समजावून सांगावं लागत नाही. गर्भाशयाची पिशवी. भाचीचं वय एकोणतीस, पदरात दोन लेकरं. महिन्यापासून ओटीपोटात दुखत होतं, अंगावरून जात होतं, कोयता हातात घेऊन वाकलं की कळ यायची. उसाच्या फडाजवळच्या गावातल्या एका डॉक्टरला दाखवलं. त्यानं पोट दाबून पाहिलं आणि म्हणाला, लेकरं झालीत ना, मग काढून टाका, कायमची कटकट मिटेल. टोळी आणणाऱ्या मुकादमाची बायको म्हणाली, मोकळी हो बाई, टोळीतल्या आम्ही तिघींनी काढलीय. पंधरा दिवसांनी कारखाना साफसफाईला दोन दिवस बंद राहणार होता. त्या दोन दिवसांत ऑपरेशन उरकायचं, असं ठरत आलं होतं.

मी तिला सांगितलं, असं हातानं दाबून कळत नसतं. सोनोग्राफी कर, दुसरा डॉक्टर गाठ, मोठ्या सरकारी दवाखान्यात जा. गाठ असली, कॅन्सरची शंका असली तर काढावी लागते, त्याला कुणी नाही म्हणत नाही. पण नुसतं अंगावरून जातंय म्हणून एकोणतिसाव्या वर्षी पिशवी काढायची?

"मला कळतंय गं," ती म्हणाली. "त्यांना सांग."

जावई तसा गुणाचा माणूस. दारू नाही, हात उगारणं नाही. पण बारावी शिकलेला, टोळीतला हिशेब, कागद, फोन सगळं तोच बघायचा, त्यामुळं माहितीची त्याला जरा घमेंड. भाचीनं फोन त्याला दिला, मी तेच सगळं पुन्हा सांगितलं, तर म्हणाला, "मावशी, तुमचं बरोबर हाय. पण मी काय अडाण्यावाणी उठलो अन् निघालो न्हाई. नेटवर बगितलंय. पिशवी काढल्यावर बाई दोन महिन्यांत ठणठणीत होती, पहिल्याच नंबरला लिवलंय."

"ते कुणी लिवलंय, पाव्हणं?"

"दवाखान्याचंच हाय कुण्या तरी. लई मोठा दवाखाना दिसतोय."

"मग जो ऑपरेशन करतो तो ऑपरेशन वाईट कसं म्हणंल?"

"असं कसं, मावशी? खोटं असतं तर पहिल्या नंबरला आलं असतं का?"

आता ह्याला काय सांगावं! मी म्हटलं, "पाव्हणं, मी पण नेटवर लिहिते की. पिशवीवरच लिवलंय मी."

तो हसला नाही, तेवढा मान त्यानं ठेवला. पण म्हणाला, "तुमी? मग ते वर आलं कावून न्हाई?"

मी त्याला लिंक पाठवली. अर्ध्या तासानं त्याचा फोन. "मावशी, नुसतं चाक फिरतंय. आदी शेतात बगितलं, मग कोपीवर येऊन बगितलं, मग टेकाडावर चढलो. एकदा सनई वाजली, फुलं पडली, अन् बंद झालं."

सनई आणि फुलं कुठून आली ते सांगते.

मी सातवी पास. लग्नानंतर सोळा हंगाम ऊस तोडला. पुढं अंगानं साथ दिली नाही म्हणून घरी राहिले, शेळ्या धरल्या. लिहायची सवय फार उशिरा लागली. फोन हातात आल्यावर मी एका फुकटच्या ब्लॉगवर लिहायला सुरुवात केली. कुणी शिकवलं नाही, चुकत चुकत बटणं दाबली. पांढरं पान, काळी अक्षरं, बस. पाचटाच्या जाळावर भाकरी कशी भाजायची म्हणजे करपत नाही, कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, लहान लेकराला थंडीत कसं गुंडाळायचं, शेळीचं पोट फुगलं तर काय करायचं, असलं सगळं. आणि त्यातच एकदा पिशवीवर लिहिलं.

ते लिहिताना मी आठवडा घेतला. माझी पिशवी सत्ताविसाव्या वर्षी काढली. त्यानंतर अंगातून वाफा निघायच्या, हाडं ठणकायची, रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही, आणि पस्तिशीत मोळी डोक्यावर घेताना मान थरथरायची. हे मी कधी कुणाला तोंडानं सांगितलं नव्हतं. बहिणीलासुद्धा अर्धंच. म्हणून पानावर लिहिताना "मी" म्हणायचा धीर झाला नाही, "एक बाई होती" असं लिहिलं. खाली लिहिलं, डॉक्टरला कोणते प्रश्न विचारायचे.

ते पान लोकांनी वाचलं. बायकांचं काम करणाऱ्या एका संस्थेनं त्यांच्या पानावर माझ्या पानाचा पत्ता दिला. फोनमध्ये मराठीत पिशवीचं काही बोललं की माझं लिहिलेलं वरच्या पाच-सातात दिसायचं. मला त्याचं तेव्हा काही वाटलं नव्हतं. शोधलं की सापडतं, एवढंच मला ठाऊक.

मग माझ्या दिरांनी मनावर घेतलं. धाकटे दीर कडा गावात फ्लेक्सचं दुकान चालवतात. वाढदिवस, निवड, दहावा, दुकानाचं उद्घाटन, कसलाही बोर्ड त्यांच्याकडं होतो. मला म्हणाले, "वहिनी, फुकटच्या जागेत किती दिस ऱ्हाणार? आपल्या नावाची वेबसाइट पायजे. तुमी फक्त लिवा, बाकी माझ्यावर सोडा."

त्यांनी जीव ओतून केलं, हे आधी सांगते. पण ज्याला जे येतं ते तो करतो. भावजींनी वेबसाइट केली ती फ्लेक्ससारखी. सर्वात वर हात जोडलेले पुढारी. त्यांच्या खाली माजी, आजी, भावी. मग भावकीतले चुलते वयाच्या क्रमानं, मग गॉगल घातलेली तरुण मंडळी, सगळ्यांच्या खाली "शुभेच्छुक, समस्त ग्रामस्थ". एकूण त्रेचाळीस चेहरे. कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढी, मी. पान उघडलं की सनई लागायची आणि वरून गुलाबाच्या पाकळ्या पडायच्या. उद्घाटनाला दुकानात नारळ फुटला, मला शाल मिळाली. मी पण हरखले होते, खोटं कशाला बोलू. आमच्याकडं लग्नपत्रिकेत एक नाव राहिलं तर तो चुलता मांडवात येत नाही. तिथं त्रेचाळीस जणांचा मान राखून काम झालं, याचंच कौतुक वाटलं.

जुना ब्लॉग भावजींनी बंद करून टाकला. म्हणाले, नव्या घरात आल्यावर जुन्याचं दार कशाला उघडं ठेवायचं?

जावयाचा फोन ठेवला आणि मी चुलीवर चहा ठेवून माझंच पान माझ्या फोनवर उघडलं. चहाला उकळी आली, मी गाळला, बशीत ओतून प्याले, तेव्हा कुठं दुसरा पुढारी गुडघ्यापर्यंत दिसला. पिशवीचं पान त्याच्याही मागं. दुकानात वायफायवर ते झटकन उघडायचं, म्हणून आजवर लक्षात आलं नव्हतं. आणि मी दुसऱ्याच्या फोनवर कधी बघितलंच नव्हतं.

पुढचे तीन-चार दिवस मी शेळ्या राखता राखता वाचत बसले. शोधून देणाऱ्या कंपन्यांनीच आपल्या सूचना लिहून ठेवलेल्या असतात, त्या फोन मराठी करून दाखवतो. वेडंवाकडं मराठी, पण अर्थ लागतो. पानाला वजन असतं हे मला त्यात पहिल्यांदा कळलं. पान किती वेगानं उघडतं हे तपासून शंभरापैकी मार्क देणारी जागाही सापडली. माझ्या पानाला अकरा मार्क, तेही लाल रंगात. शाळेत गणितातसुद्धा इतके कमी नव्हते.

खाली कारण दिलेलं. फोटो. भावजींनी बोर्ड छापायला तयार केलेले फोटो होते तसेच चढवले होते. दहा बाय वीस फुटांच्या बोर्डाचा पुढारी वीतभर पडद्यात बसवलेला; दिसायला बारीक, पण ओझं बोर्डाएवढंच. फडावरच्या अर्ध्या रेंजमधून असे त्रेचाळीस जण ओढून आणायचे आणि त्यांच्या मागून माझी चार अक्षरं.

दुसरी चूक मला जास्त लागली. टोळी एका फडावरून दुसऱ्या फडावर जाते तेव्हा जुन्या गावच्या दुकानदाराजवळ सांगून ठेवते, अमक्या वस्तीवर गेलोत, कुणी घरचं आलं तर तिकडं धाडा. आम्ही असं काहीच सांगून ठेवलं नव्हतं. संस्थेच्या पानावर माझा जुना पत्ता तसाच होता. त्यावर बोट ठेवलं की बंद दार. जुन्या पत्त्यावरून माणूस आपोआप नव्या पानावर येईल अशी सोय करता येते म्हणे, ती करायची राहिली. इतक्या वर्षांत लोकांनी ठेवलेला विश्वास जुन्या दारापाशीच उभा राहिला आणि नवं घर शोधणाऱ्यांना अनोळखी झालं.

वाचलेलं सगळं मला पटलं असंही नाही. वेगाचं महत्त्व आहे, पण तो शेवटचा निवाडा नाही, असंच ते लिहितात. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पानात आहे का, ते आधी बघतात. दोघांकडं सारखं उत्तर असलं तर लवकर उघडणारं पुढं जातं. आणि खरं तर यंत्र काय ठरवतं ते राहू द्या, माणूसच थांबत नाही. मी तरी थांबते का? दळणाच्या गिरणीत गर्दी असली की पुढच्या गल्लीत जाते. पण एक विचार मनातून जाईना. ज्या बाईला माझं पान सर्वांत जास्त लागणार, तिच्याकडंच रेंज सर्वांत कमी. शहरातल्या बाईला ते उघडत होतं, तिला दुसरे दहा डॉक्टर आहेत. फडावरच्या बाईला पाकळ्याच मिळत होत्या.

कारखाना बंद व्हायला अकरा दिवस राहिले होते. मी सकाळच्या गाडीनं कड्याला गेले.

भावजी बोर्डाला खिळे ठोकत होते. मी म्हटलं, "भावजी, सगळे फोटो काढा."

"कुणाकुणाचे?"

"सगळ्यांचे."

हातातली हातोडी त्यांनी खाली ठेवली. "वहिनी, तुमी बोलताय काय? उद्या पुढारी विचारतील, माझा फोटो कावून काढला, कुणाकडून पैसं घेतलं? चुलत्यांना काय सांगू? माणूस गेल्यावर फोटो काढतेत का लावतेत?"

"गेल्यावर लावतेत."

"मग! हे तर जित्तं हायेत."

मी त्यांना चहाची गोष्ट सांगितली, मार्क दाखवले, भाचीचं सांगितलं. पिशवीचा विषय दिरासमोर काढायचा म्हणजे नजर भिंतीवर ठेवूनच बोलायचं. त्यांनाही अवघडलं. म्हणाले, फोटो बारीक करतो, वजन उतरवतो, पाकळ्या कमी पाडतो. पण काढायचं नाव काढू नका. "त्रेचाळीस माणसं नाराज करून मला या गावात धंदा करायचाय का न्हाई?"

माझी जाऊ मागं बोर्डाच्या कडा कापत बसली होती. ती दुकानात गिऱ्हाईक असलं की बोलत नाही. तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. तिनं कात्री चालवता चालवताच विचारलं, "त्या त्रेचाळिसांत बाया किती हायेत हो?"

भावजी म्हणाले, "वहिनी हायेत की."

"त्या कोपऱ्यातल्या. आणिक?"

भावजी खाली पडलेले खिळे गोळा करायला लागले.

"पान कशावर हाय? पिशवीवर. त्या गॉगलवाल्यांना पिशवी हाय का?"

"ए, हळू बोल. रस्ता हाय."

"माझी बी काढली," जाऊ म्हणाली. "तुमी सही केली होती. तवा कुणी बोर्ड लावला होता का, शुभेच्छुक समस्त ग्रामस्थ म्हणून?"

मी आत बघितलं नाही. भावजींनी हातोडी उचलली, पुन्हा ठेवली. इतक्या वर्षांत जावेनं मला हे सांगितलं नव्हतं, आणि मीही तिला विचारलं नव्हतं. एका चुलीवर आम्ही दोघींनी अकरा वर्षं स्वयंपाक केलाय.

शेवटी भावजी कॉम्प्युटरपुढं बसले. "वहिनी, बसा हितं. काय काय काढायचं ते सांगा."

एकेक जण काढला. पुढारी काढताना त्यांचा हात जरा अडखळला. सनई गेली, पाकळ्या गेल्या. राहिलं पांढरं पान आणि काळी अक्षरं. जुना ब्लॉग त्यांनी पुसला नव्हता, नुसतं कुलूप घातलं होतं. ते उघडलं आणि तिथून नव्या पानावर यायची वाट करून दिली. त्याला मात्र दोन दिवस लागले, कारण ते काम त्यांनाही नवीन होतं. मार्क तपासले. ब्याण्णव. भावजींनी ते आकडे जावेला दाखवले. ती म्हणाली, "बघा, माणसं कमी केली की घर कसं पळतं."

मानाचा प्रश्न राहिलाच होता. तो भावजींनी त्यांच्या रीतीनं सोडवला. त्रेचाळीस जणांचा खराखुरा बोर्ड छापला आणि गावच्या स्टँडवर लावला. "यांच्या शुभेच्छांमुळे आमची वेबसाइट वेगाने चालू आहे." सगळे खूश. एक चुलते तर म्हणाले, नेटवर कोण बघतंय, हितं कसं सगळ्या गावाला दिसतंय.

मी रोज फोनमध्ये बोलून बघायचे, आपलं पान वर आलं का. पहिल्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी नाही, सहाव्या दिवशीही नाही. पहिल्या नंबरला तोच दवाखाना, हसणाऱ्या नर्सचा फोटो, खाली फोन करा म्हणून हिरवं बटण. तेव्हा मला नीट कळलं की हलकं झालं म्हणून कुणी लगेच उचलून वर ठेवत नाही. शोधणारं यंत्र पुन्हा येऊन बघेल, लोक पुन्हा येऊ लागतील, त्याला महिने जातील. आणि माझ्याकडं पाच दिवस होते. मोठ्या दवाखान्याच्या पुढं मी पाच दिवसांत जाणार नाही, कधीच जाईन का तेही माहीत नाही. वर दिसणं माझ्या हातात नव्हतं. उघडणं तेवढं होतं.

जावयाला पुन्हा लिंक पाठवायला मन घेईना. एकदा नाक कापून घेतलं होतं. पण पाठवली. सोबत एवढंच लिहिलं, "पाव्हणं, आता उघडतंय. सवड झाली की बघा."

दोन दिवस काही नाही. भाचीला फोन लावला तर ती म्हणाली, डॉक्टरला होकार कळवायचा राहिलाय, आज-उद्या हे कळवतील.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. जावई कारखान्यावर बैलगाडी घेऊन रांगेत उभा होता. तिथं नंबर लागेपर्यंत तास-दोन तास जातात. गाडीवान उसावरच आडवे होतात. मागं बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता.

"मावशी, उघडलं."

"बरं."

"लगीच उघडलं. मी पयले शोधून बगितलं, दुसऱ्या पानावर लई खाली हाय तुमचं. मग म्हणलं लिंकच दाबावी. सगळं वाचलं. दोनदा वाचलं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मावशी, त्यात ती बाई हाय. मोळी उचलताना मान थरथरायची ती. ती तुमीच का?"

जावयापुढं सासूच्या नात्यातल्या बाईनं असलं बोलायची आमच्यात रीत नाही. फोनवर मी त्याला डॉक्टरचं, सोनोग्राफीचं, सगळं सांगितलं होतं, एवढंच तेवढं सांगितलं नव्हतं. तोंडानं सांगताही आलं नसतं. आताही लगेच आलं नाही. बैलांची घुंगरं वाजत राहिली.

"व्हय," म्हटलं.

"म्हंजे आमच्या लग्नात तुमी पंगतीला वाढायला बसल्या जाग्यावरून उठला न्हाईत, आमची आई नावं ठेवत व्हती…"

"त्यामुळंच. पाय उचलत नव्हते."

तो एकदम कामाच्या आवाजात म्हणाला, "तुमी लिवलेले प्रश्न मी कागदावर उतरून घेतलेत. कारखाना बंद ऱ्हाईल त्या दिवशी तिला मोठ्या सरकारी दवाखान्यात न्हेतो. तिथं काढाच म्हणले तर मग मावशी, मी काढणार. हे आत्ताच सांगतो."

"काढा. पण त्यांनी बघून सांगितल्यावर."

मोठ्या दवाखान्यात बाई डॉक्टर होत्या. त्यांनी सोनोग्राफी केली, तपासण्या केल्या. गाठ नाही, काही नाही. आतून सूज होती, जंतूंमुळं. चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि नवऱ्यालाही गोळ्या दिल्या, कारण एकानं घेऊन भागत नाही, पुन्हा तेच होतं. पिशवी जागच्या जागी राहिली. पहिल्या डॉक्टरला जावयानं काही कळवलं नाही; मुकादमाच्या बायकोला मात्र सांगितलं, आणि ती चार दिवस भाचीशी बोलली नाही.

गोळ्या सुरू झाल्यावर पाचव्या दिवशी भाचीचा फोन आला. दुखायचं कमी झालं होतं. पण आवाज चिडलेला.

"मावशे, मी घेतेय गोळ्या. हे घेत न्हाईत. मला काय झालंय, मी कशाला खाऊ म्हणतेत. टोळीतली माणसं हसतेत म्हणून लपवून ठेवल्यात."

"पुड्या कुठं हायेत?"

"उशाखाली."

"फोन त्यांच्याकडं दे, अन् पाण्याचा तांब्या बी दे."

"हां मावशी, बोला," जावई म्हणाला.

मी म्हटलं, "पाव्हणं, मी फोनवर हाय. आजची गोळी घ्या. मला ऐकू येऊ द्या."

तो हसला, मग कागद फाटल्याचा आवाज आला, आणि मग पाण्याचा मोठा घोट.